उरलेल्या माणसाचा डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सोफ्यावर बसायला काही लागत नसे. उठायला मात्र हिंमत लागे.

मी मोटारींच्या सीट डिझाइन करते. अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातलं मराठी घर बहुतेक मोटारीच्या एखाद्या अवयवावर जगतं. कोणी ब्रेकवर, कोणी बॅटरीवर, कोणी नुसत्या वायरिंगवर. माझ्या वाट्याला सीट आली. माणूस बसला की त्याचे खुबे जमिनीपासून किती उंच असावेत, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजींनाही गाडीतून सहज उतरता येईल, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे पहिल्यांदा त्या सोफ्यावर बसले तेव्हा खोकल्यापेक्षा संतापानेच जास्त बेजार झाले. बसले म्हणजे काय, आत गेले. गुडघे हनुवटीशी आले आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एकदम उंच गेलं. हे डिझाइन कोणी केलं असेल आणि कोणी पास केलं असेल, असा विचार करत मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तोही शेजारी बुडालेला. आमचा इथला पहिलाच हिवाळा होता, मला अजून लायसन्स नव्हतं, म्हणून तो बिचारा ड्रायव्हर म्हणून आला होता.

आतलं दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले. इथे अशी पद्धत नाही. इथे असिस्टंट नाव पुकारते, वजन करते, आतल्या खोलीत नेऊन कागद अंथरलेल्या टेबलावर बसवते, आणि आपण तो कागद चुरगाळत बसलो की बऱ्याच वेळाने डॉक्टर अवतरतात. हे मात्र चष्मा कपाळावर चढवून, दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभे राहिले आणि त्यांनी माझं नाव घेतलं. मी धडपडत उठले. नवराही उठला. डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हते.

"हे कोण?"

"माझा नवरा. पण खोकला मला आहे."

"तुझा खोकला जाईल गं. आधी यांचं बघू."

"मला काही झालेलं नाही," नवरा म्हणाला. तो पुण्याचा आहे, हे वाक्य त्याला जन्मतःच येतं.

"उत्तम. परत बसा."

तो बसला.

"आता हाताची घडी घाला आणि परत उठा."

माझा नवरा, उंचापुरा, कॉलेजात क्रिकेट खेळलेला माणूस, हाताची घडी घालून त्या सोफ्यातून उठू शकला नाही. पुढे झुकला, मागे गेला, लाल झाला. शेवटी मी त्याला दंडाला धरून ओढला.

"ऊन कधी खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सूर्य. आकाशात असतो."

नवऱ्याने प्रामाणिकपणे हिशेब दिला. घरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये, आणि संध्याकाळी तेच उलट.

"अंडी, मासे?"

"छे, आम्ही शुद्ध शाकाहारी."

"ते दिसतंय. मांड्यांत जोरच नाही तुमच्या. रक्त तपासू, पण मी आत्ताच सांगतो, व्हिटॅमिन डी तळाला असणार."

तसंच निघालं. माझा खोकला ते म्हणाले होते तसा आपला आपण गेला. नवरा पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट प्रत्येक पार्टीत अशी सांगायचा, जणू त्यानेच काहीतरी शोध लावला होता.

डॉक्टरांचं नाव मी सांगत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि गावात तसंही ते कोणी वापरत नसे. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या अवयवावरून ओळखायचे. हार्टवाले, किडनीवाले, नाक-कान-घसावाले. नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की हेच. शिकले मिरजेला. मिशिगनला आले तेव्हा केस होते म्हणे. मी पाहिले ते टक्कल आणि त्यावर ऑक्टोबर ते मे तपकिरी माकडटोपी. रिसेप्शनला डोना नावाची इथलीच गोरी बाई होती, डॉक्टरांपेक्षाही जुनी वाटणारी. तिला मोजकं मराठी येत असे. "बसा", "पाणी?", आणि "थांबा, डॉक्टर चिडलेत."

चिडायचे ते मुख्यतः विमा कंपन्यांवर. एखाद्या पेशंटला साधा एमआरआय हवा असला तरी आधी कंपनीची परवानगी लागायची, आणि परवानगीसाठी फोनवर ताटकळत राहावं लागायचं. डॉक्टर फोन स्पीकरवर टाकून पेशंट तपासत राहायचे. होल्डवर वाजणारी ती सुरावट भूप रागात आहे असं त्यांचं ठाम मत होतं. आपल्या छातीवर स्टेथोस्कोप, मागे ते संगीत, आणि मध्येच डॉक्टरांची तान. "श्वास घे... सोड... ऐकलंस? यात मध्यम नाहीच!" आपण श्वास घ्यायचा का ऐकायचं, कळत नसे.

सोफ्याची थिअरी त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितली, तीही मी तो फुकट दुरुस्त करून द्यायचा लकडा लावला म्हणून. "खबरदार," ते म्हणाले. "बसलेला माणूस ठणठणीतच असतो. उठताना कळतं. कोणाचा हात आधी कमरेवर जातो, कोण उठून क्षणभर डोळे मिटतं, कोणाला चार पावलांत धाप लागते, कोणाची बायको आधी उठते आणि त्याच्यासाठी हात पुढे करते. एवढं बघितलं की निम्मं काम दारातच होतं." म्हणून ते स्वतः बाहेर येत. म्हणून तो सोफा तसा होता. त्यांनी तो कोणाच्या तरी जुन्या सामानाच्या गॅरेज सेलमधून मुद्दाम बसका बघून आणला होता.

आता त्यांचं नेहमीच बरोबर यायचं असं नाही. दिवाळीनंतरच्या एका सकाळी एक तरुण इंजिनिअर सोफ्यातून उठेचना. डॉक्टरांनी पुन्हा नाव घेतलं. तो कसनुसा हसला, पण हलला नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, तळपायाला खाजवून बघितलं, बोटं हलवायला लावली. पोरगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, पँटचं बटण तुटलंय. डोनासमोर उठता येत नाही, यार." डॉक्टरांनी स्वतःची माकडटोपी काढून त्याच्या पोटावर धरली आणि त्याला सन्मानाने आत नेलं. फराळ बंद करायचा सल्ला मात्र दिला.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना गाठून फुकट सल्ला मागणारे काही कमी नव्हते. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कोणी तरी हळूच म्हणायचं, "डॉक्टरकाका, माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट मोबाइलवर आहे, एक मिनिट बघता?" डॉक्टर मोबाइलकडे न बघता त्याच्या ताटाकडे बघायचे आणि "बघितला" म्हणून पुढे सरकायचे. अलीकडे लोक एआयला विचारून, छापील उत्तरं घेऊन येऊ लागले होते. तीही ते नीट वाचायचे, चष्मा खाली ओढून, शेवटपर्यंत. "चांगलं लिहितं," म्हणायचे. "आता त्याला म्हणावं, पोट दाबून बघ."

आम्ही तो सोफा शेवटी दुरुस्त केलाच. डॉक्टर पुतण्याच्या लग्नाला मिरजेला गेले होते. त्यांच्या पंचाहत्तरीचं सरप्राइज म्हणून मंडळाने 'सोफा २.०' नावाचा व्हॉट्सॅप ग्रुप काढला. मराठी माणसं जमली की समिती होते, समिती झाली की उपसमिती. एक अध्यक्ष, दोन संयोजक, कापडाच्या रंगासाठी वेगळी महिला समिती, आणि मी तांत्रिक प्रमुख. मी सगळा अभ्यास पणाला लावला. नव्या स्प्रिंगा, उत्तम फोम, खुबा जिथे यायला हवा तिथे. डोना सांगत होती, "ही वोन्ट लाइक इट." पण डोना कुठल्याच समितीवर नव्हती.

डॉक्टर आले, फुलांचा गुच्छ घेतला, सोफ्यावर बसले आणि टुणकन उठले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात येणारा प्रत्येक जण तरुण झाला. आजोबा उठत, आजी उठत, पाठदुखीवाले उठत, सगळे टुणकन. डॉक्टर दारात उभे राहून बघत आणि हिरमुसून आत जात. "सगळं नोव्हाय एका आठवड्यात बरं केलंस," मला फोनवर म्हणाले. "आता मी काय करू, भजी तळू?" आणि त्या शनिवारी, डोनाने मला नंतर हसून हसून सांगितलं, त्यांनी सोफा उलटा पाडला, भुसा डोक्यात जाऊ नये म्हणून माकडटोपी कानापर्यंत ओढली, आणि करवतीने त्याचे चारही पाय कापले. सर्जरी हा आपला प्रांत नाही, असं ते एरवी कायम सांगत. ते खरंच होतं, कारण एक पाय आखूड कापला गेला आणि सोफा डुगडुगायला लागला. डॉक्टर त्यावर फारच खूश झाले. आता माणसाचा तोलही कळू लागला होता.

माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय डॉक्टर पुरे व्हायचे नाहीत. सासूबाईंनी औषधांची एक अख्खी पिशवी बरोबर आणली होती. त्यांचे हृदयाचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि प्रत्येक जण पुण्यातला सर्वांत मोठा. इथे आल्यावर त्यांना पोटात कसंतरी व्हायला लागलं. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्या सोफ्यातून उठल्या, उठून भिंतीला हात लावला, आणि "मला काही झालेलं नाही" म्हणाल्या.

"हे तुमच्याकडून आलंय होय," डॉक्टर माझ्या नवऱ्याच्या आठवणीने म्हणाले.

आत त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली आणि गोळ्यांची पाकिटं पत्ते लावल्यासारखी लावत बसले. बाहेर पेशंट खोळंबले होते, डोना दोनदा डोकावून गेली. शेवटी त्यांनी तीन पाकिटं बाजूला काढून एकाखाली एक ठेवली.

"ही ॲसिडिटीची. ही ॲसिडिटीची. आणि ही पण ॲसिडिटीचीच. नावं वेगळी, आत माल एकच. तिघांनी आपापल्या गोळीबरोबर एकेक दिलीय. रोज तिन्ही घेता?"

"मोठे डॉक्टर आहेत ते," सासूबाई म्हणाल्या.

"आहेतच. एकाने हृदय सांभाळलं, एकाने साखर, एकाने हाडं. चोख काम आहे तिघांचं. उरलेल्या बाईचा डॉक्टर मी."

"उरलेली कोणाला म्हणता?" सासूबाई कडाडल्या.

"अहो, आम्ही उरलेल्यांचेच डॉक्टर. माझी स्वतःची मुलगी टेक्सासला आहे, ती डोळ्याच्या मागच्या पडद्याची डॉक्टर. डोळ्याचा पुढचा भाग दाखवला तर दुसऱ्याकडे पाठवते. सगळ्यांनी वाटून घेतल्यावर जो माणूस शिल्लक राहतो, तो माझा."

सासूबाईंनी त्यांना माफ केलं नाही. पण पोट शांत झालं, भिंतीला हात लावणंही थांबलं, आणि परत जाताना त्यांनी डॉक्टरांसाठी भाजणी करून ठेवली. "त्या उद्धट माणसाला दे," म्हणाल्या.

उरलेल्या माणसाला डॉक्टर लागतो हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. आपल्यानंतर तो कोण, हे मात्र त्यांना सापडत नव्हतं. दवाखाना चालवायला कोणी तरुण मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केले. जाहिराती दिल्या, ओळखीच्यांना फोन केले, मुलीला तर प्रत्येक थँक्सगिव्हिंगला विचारलं. येणारे यायचे, फायली बघायचे, विमा कंपन्यांचे फोन ऐकायचे आणि गोड बोलून निघून जायचे. प्रायमरी केअर म्हटलं की काम ढीगभर, मान चिमूटभर. "सगळ्यांना एकेक अवयव हवाय," डॉक्टर म्हणायचे, आणि त्यात थट्टा असली तरी पुरी नसायची.

एकदा मेडिकल कॉलेजची एक विद्यार्थिनी महिनाभरासाठी त्यांच्याकडे शिकायला आली. मंडळातल्याच एका कुटुंबातली, इथेच जन्मलेली. लहानपणी गणपतीत लेझीम खेळताना मी तिला पाहिली होती. तिला त्वचेची डॉक्टर व्हायचं होतं. पहिला सगळा आठवडा डॉक्टरांनी तिला वेटिंग रूममध्ये, सोफ्याच्या समोर बसवलं. पेशंट तपासायचा नाही, फोन काढायचा नाही, फक्त उठणारी माणसं बघायची. मी तेव्हा तिथे रक्तदाब तपासून घ्यायला गेले होते.

"कसं चाललंय?" मी तिला विचारलं.

"काकू, धिस इज सो बोरिंग," ती म्हणाली. "आय फील लाइक अ सिक्युरिटी गार्ड."

डॉक्टरांनी ते दारातून ऐकलं. "काय बघितलंस आतापर्यंत?"

"पीपल गेटिंग अप, काका."

"मग? फॅमिली मेडिसिन करणार का?"

"नो ऑफेन्स, काका, बट आय वॉन्ट अ लाइफ."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ही पण गेली," म्हणाले, आणि आत जाऊन भूप ऐकत बसले. मी निघताना ती मुलगी स्वतः सोफ्यावर बसली होती आणि हाताची घडी घालून उठून बघत होती. पुन्हा बसत होती, पुन्हा उठत होती. मला वाटलं, कंटाळून व्यायाम करतेय.

शेवटी त्यांनी दवाखाना एका मोठ्या हेल्थ नेटवर्कला विकला. डोना रिटायर झाली होती, फोनवर ताटकळायला आता कोणीच उरलं नव्हतं. नेटवर्ककडून एक मॅनेजर आली, अतिशय गोड, वयाने डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपपेक्षा लहान. तिने त्यांना 'आमचे लाडके प्रोव्हायडर' म्हटलं. "प्रोव्हायडर म्हणजे काय गं?" डॉक्टरांनी मला विचारलं. "मी काय गॅस पुरवतो?" तिने सोफा बघितला आणि तो जाणार म्हणून सांगितलं, कारण कापड होतं, जंतुनाशकाने पुसता येत नव्हतं. तिचंही चुकीचं नव्हतं. तिथे उंच, स्वच्छ, हात असलेल्या खुर्च्या आल्या. माझ्या दृष्टीने आदर्श खुर्च्या होत्या. पेशंटला असिस्टंट आत नेऊन टेबलावर बसवू लागली, डॉक्टरांनी नंतर जायचं, कॉम्प्युटरमध्ये बघत बोलायचं, आणि वेळ संपली की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल दिवा लागायचा.

"माणूस उठताना दिसतच नाही मला," ते एकदा म्हणाले. तेव्हा त्यांनी थट्टा केली नव्हती. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्याच उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं. त्यानंतर तिथे दर वेळी नवाच कोणी तरी असायचा, कधी फक्त स्क्रीनवर. आणि मंडळाच्या ग्रुपवर एकच प्रश्न येत राहिला, नव्या पेशंटला घेणारा कोणी डॉक्टर माहीत आहे का?

सोफा मी कचऱ्यात जाऊ दिला नाही. आमच्या बेसमेंटमध्ये आणून ठेवला. डॉक्टर रविवारी चहाला यायचे आणि त्यावर बसायचे. त्यांची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते घरी एकटेच, टीव्हीसमोर. फेब्रुवारीतल्या एका रविवारी चहा झाला, ते निघायला म्हणून उठू लागले आणि उठले नाहीत. मग एक हात सोफ्याच्या हातावर, दुसरा गुडघ्यावर, थोडं थांबून, ओठ दाबून उठले.

मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

"तुझा सोफा खचलाय," ते म्हणाले.

"सोफा मी बांधलाय, डॉक्टरकाका. सोफ्याला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालेलं नाही."

"आता तुम्ही कधीपासून पुण्याचे झालात?" मी विचारलं. "तुमचा डॉक्टर कोण?"

ते माकडटोपी शोधायला लागले. सगळ्या गावाचा डॉक्टर झालेल्या या माणसाला स्वतःचा डॉक्टर नव्हता. मला भीती वाटली, आणि त्यांचा रागही आला. मी तिथेच फोन लावला. 'युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस' झाल्यावर संगीत सुरू झालं. डॉक्टर पुन्हा सोफ्यात बसले होते, मान डोलवत होते. "भूपच," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलू लागली. नव्या पेशंटसाठी बहुतेक सगळीकडे पुढच्या हिवाळ्याशिवाय जागा नव्हती. फक्त एका ठिकाणी एक प्रोव्हायडर नुकतीच जॉइन झाली होती, तिच्याकडे एप्रिलमध्ये मिळेल. पत्ता विचारला, तर तो डॉक्टरांच्याच जुन्या दवाखान्याचा.

"माझ्याच दवाखान्यात मी पेशंट म्हणून जाणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग सोफ्यातच राहा," मी म्हणाले आणि हात पुढे केला नाही. त्यांनी सोफ्याच्या हाताकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. बुक कर."

एप्रिलमध्ये मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. दवाखान्याशी गाडी थांबवली आणि ते एका झटक्यात खाली उतरले. "बघ, उगाच आणलंस मला," म्हणाले. मी सांगितलं, ती सीट मी डिझाइन केलीय, तिच्यातून कोणीही उतरतो. "तेच म्हणतो," ते म्हणाले. "भिकार सीट आहे. माणसाचं काही कळतच नाही तिच्यातून."

वेटिंग रूममध्ये ते उंच खुर्चीवर बसले आणि मला हळूच आपला डाव सांगितला. पाय मागे घ्यायचे, पुढे झुकायचं, आणि झोक्यासरशी उभं राहायचं. घरी तालीम केली होती. असिस्टंट काय, नाव पुकारून स्क्रीनकडे बघेल. तिला काय कळणार. रक्तदाब बघतील, दोन प्रश्न विचारतील, संपलं. मी त्यांच्यावर चिडणार होते, तेवढ्यात आतलं दार उघडलं.

असिस्टंट नव्हती. पांढऱ्या कोटातली एक मुलगी दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभी होती. चष्मा डोक्यावर. तिने डॉक्टरांचं नाव घेतलं आणि नुसती बघत राहिली. मी तिला ओळखायच्या आत डॉक्टर झोक्यासरशी उठलेसुद्धा, ताठ, हसऱ्या तोंडाने.

"नाइस ट्राय, काका," ती म्हणाली. "परत बसा."

डॉक्टर बसले. तिला त्वचेची डॉक्टर व्हायचं होतं. ती इथे काय करत होती, हे त्यांनी विचारलंच नाही.

"आता हाताची घडी," ती तिच्या अमेरिकन मराठीत म्हणाली. "आणि परत उठा."

त्यांनी हाताची घडी घातली. पुढे झुकले, मागे आले, लाल झाले. त्या आदर्श, उंच, माझ्या मापाच्या खुर्चीतूनही ते उठू शकले नाहीत. आणि हसायला लागले. इतके हसले की समोरची आजी घाबरून आपली पर्स उचलून लांब बसली. "पकडलं गं हिने," ते मला म्हणत होते, "पकडलं!" आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही वाहत होतं, मी लपवलं नाही.

ती आली आणि तिने त्यांना दंडाला धरून उठवलं.

"तू बाहेर कशी आलीस?" त्यांनी विचारलं. "हे चालतं यांना?"

"नाही चालत. दे जस्ट हॅवन्ट नोटिस्ड येट."

आतल्या खोलीत तिने त्यांना टेबलावर न बसवता खुर्ची दिली आणि स्क्रीनकडे पाठ केली. कोपऱ्यात लाल दिवा लागला तेव्हा त्यावर तिचा रुमाल पडलेला होता. तिने हात धरून बघितला, पाय बघितले, सगळ्या गोळ्या विचारल्या. मग म्हणाली, "काका, ऊन कधी खाता?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. घरातून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून माझ्या बेसमेंटमध्ये, आणि तिथून परत. सगळ्या नोव्हायला उन्हात हाकलणाऱ्या माणसाचा हिशेब एवढाच होता. रक्त तपासायला दिलं. आणखीही दोन गोष्टी तपासायच्या आहेत म्हणाली, पण तिच्या आवाजात घाई नव्हती आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

बाहेर पार्किंगमध्ये कोवळं, पातळ ऊन पडलं होतं. डॉक्टरांनी माकडटोपी काढली आणि टक्कल उन्हाला देऊन उभे राहिले. तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा फोन आला. तो सकाळपासून काळजीत होता. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"काय निघालं, डॉक्टरकाका?" तो पलीकडून विचारत होता. "काय झालंय?"

"अरे ते निघेल काय ते," डॉक्टर ओरडून म्हणाले. "मला डॉक्टर मिळाली!"